दोनशे सहावी ओळ

सिस्टरनी पर्समधून चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि तळहाताने टेबलावर सपाट केली. मग ती दोन बोटांनी साहेबांकडे सरकवली.

"वाचा. मोठ्याने वाचा."

साहेबांनी चष्मा चढवला. "बाळ. वय दोन दिवस. वजन..." ते अडखळले. "वजन अठ्ठावन्न किलो."

"अठ्ठावन्न किलोचं बाळ माझ्या वॉर्डात जन्माला आलं असतं, तर मला कळलं असतं. नाही का?"

कोणी हसलं नाही. सिस्टर हसवायला आल्याच नव्हत्या. तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढलेली बाई, रात्रपाळी संपवून घरी न जाता तडक इथे, हॉस्पिटलचा प्रोग्राम बनवणाऱ्या ऑफिसात, आली होती. हॉस्पिटलचं पत्र आदल्या दिवशीच आलं होतं, पण पत्रात आवाज चढवता येत नाही. वॉर्डातला वजनकाटा दुरुस्तीला गेला होता, म्हणून बाळाचं वजन भरायचं राहिलं. अशा वेळी प्रोग्रामने थांबायला हवं होतं. त्याऐवजी त्याने बाळाच्या आईचं वजन उचललं, त्या वजनाने औषधाचा डोस काढला आणि छापूनही दिला. सिरिंज भरून झाली होती. सिस्टरची नजर पडली म्हणून बाळ आज दूध पीत होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती बसली होती. या ऑफिसात प्रोग्राम तपासायचं काम तिचं. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठीमागे चाळणी. तिच्या हातून एक खडा पुढे जात नाही अशी ख्याती होती, आणि आपल्याला चाळणी म्हणतात हे कळल्यावर ती वरवर रागावली असली, तरी मनातून खूश झाली होती. आज मात्र तिला वर बघवत नव्हतं.

"आणि तुम्ही," सिस्टर तिच्याकडे वळल्या. "दोन वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डात येऊन बसत होतात. मी सांगायचे, तुम्ही लिहून घ्यायच्यात. पहिल्याच दिवशी मी काय सांगितलं होतं? वजन नसेल तर मशीनने गप्प बसायचं. अंदाज करायचा नाही. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं. मी ओळ लिहिली होती सिस्टर. माझ्या तक्त्यात आहे ती."

"मग?"

ती उठली, "बघून येते," म्हणाली आणि आपल्या जागेवर आली. खुर्ची तिने रागाने ओढली.

रुग्णाची नोंद म्हणजे डब्यात डबा असतो. बाहेर आईचा डबा. त्यात तिचं नाव, पत्ता, वजन, आणि आत आणखी एक डबा, बाळाचा. जुळी असतील तर दोन. बाळाच्या डब्यात तपासण्यांचा डबा, त्यात तारखेचा आणि वजनाचा. कुठल्या डब्यात माणसं काय भरतील याला धरबंध नाही. म्हणून तिने तक्ता बनवला होता. एका ओळीत तीन गोष्टी: कोणत्या डब्यात, काय टाकायचं, आणि प्रोग्रामने काय उत्तर द्यायला हवं. तपासणारा कोड एकच, जेमतेम चाळीस ओळींचा. तो तक्त्यातली एकेक ओळ उचली, डबे भरी आणि आलेलं उत्तर तिच्या उत्तराशी ताडून पाही. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. नवी शंका आली की कोडला हात लावायचा नाही, तक्त्यात एक ओळ वाढवायची. उणे दोन किलोचं बाळ, आईच्या आधी जन्मलेलं बाळ, नावाच्या जागी फोन नंबर असलेलं बाळ, अशा चारशे बारा ओळी झाल्या होत्या. या तक्त्याचा तिला पोटच्या पोराइतका अभिमान होता.

दोनशे सहावी ओळ तिने शोधून काढली. बाळाचा डबा, वजन रिकामं. आणि उत्तराच्या रकान्यात, जिथे तिने स्वतः 'थांब' लिहिलं होतं, तिथे होतं: २९.००, म्हणजे आईच्या वजनावरून काढलेला डोस.

तिने ओळ पुन्हा वाचली. हे तिचं उत्तर नव्हतं. हे प्रोग्रामचं उत्तर होतं, तिच्या रकान्यात येऊन बसलेलं. म्हणजे प्रोग्राम चुकत होता आणि तक्ता त्याला हिरवा रंग दाखवून शाबासकी देत होता. पोराचा पेपर बघून मास्तरांनी आदर्श उत्तरं लिहावीत, तसला प्रकार.

असं व्हायला एकच वाट होती. ओळी लाल झाल्या की पडद्याच्या तळाशी एक बटण येई: सगळे मान्य. ते दाबलं की प्रोग्रामची नवी उत्तरं जुन्यांच्या जागी बसत. कधी कधी ते लागतंच. तारीख लिहायची पद्धत बदलली की शंभर ओळी उगीच लाल होतात, त्या हाताने कोण बदलत बसणार? नियम एवढाच की आधी प्रत्येक लाल ओळ डोळ्यांनी पाहायची, मग बोट लावायचं. हा नियम तिनेच भिंतीवर चिकटवला होता, मोठ्या अक्षरांत.

बदलांची नोंद तिने उघडली. सात महिन्यांपूर्वीची बारा तारीख, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. सदतीस ओळी लाल, सदतीस मान्य. पुढे ज्याच्या मशीनवरून ते झालं त्याचं नाव होतं. ते नाव तिच्या पाठच्या भावाचं होतं.

तिने त्या नोंदीचा कागद छापला. छापून येईपर्यंत प्रिंटरपाशी उभी राहिली, आणि एका मिनिटात तिच्या डोक्यातून पंचवीस वर्षं सरकून गेली. गॅसवर दूध ठेवून खेळायला जाणारा तो. परीक्षेला ओळखपत्र घरी विसरणारा तो. घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेणारा, एकदा नाही, तीनदा, तोच.

तो आपल्या जागेवर कानाला हेडफोन लावून काम करत होता. ऑफिसात ती सगळ्यांची ताई, म्हणून त्याला सगळे धाकटे म्हणत. तिने कागद त्याच्या कीबोर्डवर आपटला.

"हे तू केलंस."

त्याने हेडफोन काढले. "काय केलं?"

"बारा तारीख. तीन वाजून दहा. तुझं मशीन, तुझं नाव. सदतीस ओळी लाल होत्या आणि तू डोळे मिटून सगळे मान्य दाबलंस. माझ्या तक्त्यात! एक बाळ मरता मरता वाचलंय, माहितेय तुला?"

आजूबाजूच्या माना वळल्या आणि लगेच आपापल्या पडद्यांकडे परत गेल्या. कान तेवढे इकडेच राहिले.

"कळलं सकाळी," तो हळू आवाजात म्हणाला. "कोडमधली चूक माझी आहे ताई. बाळाचा पत्ता रिकामा असला तर आईचा घ्यायचा, असं हॉस्पिटलनेच मागितलं होतं. मी ते सगळ्याच डब्यांना लावलं. आतलं रिकामं असेल तर बाहेरचं घे. वजनाचं डोक्यातच आलं नाही."

"ते मला नको सांगूस. लिहिणारा चुकतोच. त्यासाठी तर मी बसलेय इथे. मी विचारतेय तक्त्याचं."

खरं तर ती विचारत नव्हती. पण हे तिच्या लक्षात आलं नाही.

त्याने कागद वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सात महिने झाले. मला आठवत नाही."

"आठवत नाही!"

"दाबलं असेल."

"असेल?"

"दाबलं," तो म्हणाला. "माझं नाव आहे म्हणजे मीच दाबलं."

"तुझ्यासाठी शब्द टाकला होता मी इथे. साहेब म्हणाले होते, भाऊ आहे म्हणून घेऊ नका. मी म्हटलं, जबाबदारी माझी. हे पांग फेडलेस होय?"

त्याने मान खाली घातली. बोलला असता तर बरं झालं असतं. भांडणाला दोन माणसं लागतात, आणि तो लहानपणापासून कधी दुसरा माणूस झालाच नव्हता. ती बोलायची, तो खाली बघायचा, आणि ती आणखी चिडायची. आजही तसंच झालं. तिने कागद उचलला आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

सिस्टर गेल्या होत्या. साहेबांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं.

"नीट विचार करून सांगताय ना? भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच सांगतेय. उद्या कोणी म्हणायला नको की चाळणीने घरच्यासाठी भोकं मोठी केली."

आपल्याला काय म्हणतात हे तिला ठाऊक आहे, हे साहेबांना नवीन होतं. ते जरा ओशाळले. "पाच वाजेपर्यंत हॉस्पिटलला लेखी उत्तर जायचंय," ते म्हणाले. "कोडमधली चूक समजू शकतो. पण तक्त्याची उत्तरं न बघता बदलणं म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. तो माणूस मला इथे ठेवता येणार नाही."

"नका ठेवू," ती म्हणाली.

अर्ध्या तासाने साहेबांनी तिला परत बोलावून सांगितलं की धाकट्यांनी दोन मिनिटांत सगळं कबूल केलं, वाद नाही, सबब नाही, उलट राजीनामा लिहून देतो म्हणाले. साहेबांना त्याचं कौतुक वाटलेलं दिसलं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढं सोपं? एका बाळाच्या जिवाशी खेळ, आणि हा मान खाली घालून सही करून मोकळा!

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती जिन्यात गेली आणि आईला फोन लावला. ती लग्न होऊन वेगळी राहत होती. आई भावाजवळ होती.

"काय केलं आता त्याने?" आईने पहिल्याच वाक्यात विचारलं.

"नोकरी घालवली. स्वतःच्या हाताने. घरी येईल तेव्हा कळेलच तुला, पण आधी माझ्याकडून ऐक." तिने सगळं सांगितलं, बाळ, सिरिंज, बटण. "आणि वर म्हणतो आठवत नाही! बारा तारखेला भर दुपारी तीन वाजता दाबलंय. तिथे लिहिलेलं आहे."

"कुठल्या महिन्यातली बारा?"

तिने महिना सांगितला.

"म्हणजे माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. बाराच तारीख होती. फाइल पुढ्यातच आहे बघ, परवा दुसरा डोळा दाखवायला जायचंय ना, म्हणून काढून ठेवलीय. पण तीन वाजता तर तो माझ्याजवळ होता. सकाळी आठपासून होता. तीनलाच मला आत घेतलं, तोवर हात धरून बसला होता. नंतर चहा आणायला गेला तो अर्धा तास उगवला नाही, मी पट्टी बांधून एकटी बसलेली."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्यात ते मोबाइलवरून करता येत असेल," आई म्हणाली. "फोनमध्ये तर सारखं डोकं घालून बसला होता."

क्षणभर तिने त्या शक्यतेला घट्ट पकडलं. मोबाइलवरून. पण हॉस्पिटलच्या नोंदी बाहेरून उघडताच येत नाहीत, ऑफिसातल्या मशीनसमोर बसावं लागतं. हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"ठेवते आई," ती म्हणाली.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. कोणीतरी खालून वर गेलं, तिने पाय जवळ घेतले. तिच्या स्वतःच्या मशीनला सगळा तक्ता चालवायला चाळीस मिनिटं लागत, भावाच्या मशीनला सात. म्हणून घाईच्या दिवशी ती त्याला उठवून त्याच्या खुर्चीत बसे. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, दोघांतलीच सोय होती ती. आणि त्या दिवशी तर उठवायचीही गरज नव्हती. आईजवळ कोणीतरी हवं होतं, नवी आवृत्ती हॉस्पिटलला त्याच संध्याकाळी द्यायची होती. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, तू जा, मला निघता येणार नाही, आणि मशीन चालू ठेवून जा.

आता सगळं लख्ख आठवलं. त्याच्या टेबलावरचा, आदल्या दिवशीचा अर्धा प्यालेला चहा तिने कडेला सरकवला होता. सदतीस ओळी लाल आल्या होत्या. पहिली पाहिली: ४.५ होतं, तिथे ४.५०. दुसरी तशीच. तिसरीही. त्याने नव्या आवृत्तीत डोसाचे आकडे दोन दशांशांपर्यंत लिहायला सुरुवात केली होती, बाकी काही नाही. दहा पाहिल्या, दहाही सारख्या. शितावरून भाताची परीक्षा केली आणि बोट लावलं. मग उठून तिने आईच्या ऑपरेशनचं विचारायला त्याला फोन केला होता, आणि फोन लवकर उचलला नाही म्हणून त्याला झापलंही होतं.

ती किती वेळ बसली कोण जाणे. उठली तेव्हा तिचा राग गेला नव्हता. त्याला आता जायला जागाच उरली नव्हती, एवढंच.

भाऊ ड्रॉवर रिकामा करत होता. एक कापडी पिशवी, तिच्यात दोन वह्या, मग, पाण्याची बाटली.

"ते परत ठेव," ती म्हणाली.

"आता काय राहिलं?"

"बारा तारखेला कुठे होतास तू?"

"इथेच असेन. कुठे जाणार?"

"आईचं ऑपरेशन होतं."

हातात चार्जर घेऊन तो तसाच उभा राहिला. ओठ जरा हलले, दिवस मोजत असावा. "हो," तो शेवटी म्हणाला. "रजा टाकली होती मी."

"इथे मी बसले होते. या खुर्चीत. मी दाबलं ते बटण."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला ते बघणं सोसेना, आणि सोसेना तेव्हा ती जे नेहमी करायची तेच तिने केलं.

"मग तू हो का म्हणालास? अं? स्वतःला काही आठवायला नको? कोणी काहीही म्हणेल आणि तू मान डोलावणार? नंदीबैल आहेस का?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी म्हणाले म्हणून!"

"तू कागद घेऊन आलीस. तारीख, वेळ, माझं नाव. मला वाटलं, असेल. दर वेळी असतंच ना." त्याने चार्जरची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग एकदम तो ड्रॉवरमध्ये फेकला. इतका मोठा आवाज झाला की पलीकडची दोघं उभी राहिली. "एकदा विचारायचं होतंस! 'तू केलंस का रे?' बस, एवढंच. त्या मशीनला रोज चारशे बारा प्रश्न विचारतेस तू. उणे दोन किलोचं बाळ आलं तर काय करशील, हेसुद्धा विचारतेस त्याला. मला एक प्रश्न विचारवला नाही तुला?"

ती दचकली. या आवाजात तो कधी बोलला नव्हता. कधी बोलला असता तर हा आवाज त्याच्याकडे आहे हे तिला कळलं असतं. माफी मागायची सवय नव्हती, आणि सवय नसलेली गोष्ट इतक्या माणसांदेखत जमत नाही. ती वळली आणि केबिनकडे चालू लागली.

साहेबांचं पत्र टाइप होऊन तयार होतं. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कौतुकाने मान हलवली.

"ताई, भावासाठी एवढं करायला काळीज लागतं. मी समजू शकतो. पण असं कोणी कोणाची चूक आपल्या अंगावर घेतलेली मला चालणार नाही."

तिला वाटलं, हसावं की टेबल उलटं करावं. "अहो, माझीच चूक मी अंगावर घेतेय! सकाळी त्याचं नाव घेतलं तेव्हा लगेच पटलं तुम्हाला. आता माझं घेतेय तर काळीज दिसतंय? रजेचं रजिस्टर काढा. काढा ना."

साहेबांनी संगणकावर रजा उघडल्या. बारा तारीख. आईचं ऑपरेशन, पूर्ण दिवस. मंजूर करणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव होतं. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

"तो रजेवर होता हे मला तरी आठवायला हवं होतं," ते पुटपुटले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. पत्र तयार आहे. त्याने स्वतः कबूल केलंय. त्याला मी दुसरीकडे चिकटवून देईन, माझ्या ओळखी आहेत. पण तुम्ही गेलात तर हे सगळं तपासणार कोण?"

"ज्याने पहिल्या दहा बघून बाकीच्या सोडल्या, त्याच्याकडून तपासून घ्यायचंय तुम्हाला?"

"रागाच्या भरात ठरवू नका."

"रागाच्या भरात सकाळी ठरवलं," ती म्हणाली. "कोरा कागद द्या."

तिने उभ्यानेच लिहिलं. सदतीस ओळींपैकी दहा पाहिल्या, सत्तावीस पाहिल्या नाहीत, दोनशे सहावी त्यांतली एक. मशीन भावाचं, तो रजेवर, खुर्चीत मी. खाली सही केली. एक प्रत सिस्टरना पोचली पाहिजे असंही लिहिलं, कारण साहेबांच्या ड्रॉवरमध्ये कागद कसे मुरतात हे तिने पाहिलेलं होतं. साहेब म्हणाले, सोमवारपासून येऊ नका, पुढचं कळवतो. तिने मान डोलावली. जुनं पत्र त्यांनी तिच्यादेखत पुसलं.

पाच वाजून गेल्यावर ती खाली आली तेव्हा भाऊ गेटपाशी उभा होता. कापडी पिशवी हातात नव्हती. वरून कोणीतरी त्याला सांगितलं असणार. चेहरा मात्र दुपारचाच होता, कडक, न वळणारा. तिला तो अनोळखी वाटला आणि खरं तर आवडलाही.

"आईला फोन केला होतास दुपारी?" त्याने विचारलं.

"हो."

"काय सांगितलंस?"

तिने नजर रस्त्याकडे वळवली. त्याला उत्तराची गरजच लागली नाही.

"मग आता लाव," तो म्हणाला. "माझ्यासमोर. आवाज बाहेर येऊ दे."

तिने फोन लावला आणि हातात आडवा धरला. रस्त्यावर गाड्यांची ये-जा होती, म्हणून दोघं भिंतीकडे सरकली.

"आई, दुपारी मी सांगितलं ना, ते चुकीचं होतं. ते बटण मी दाबलं होतं. त्याने नाही. तो तुझ्याजवळ होता, तूच म्हणालीस."

"तू?" आई म्हणाली. "तू कशी दाबशील?"

"दाबलं. न बघता दाबलं. सोमवारपासून घरी आहे मी."

आईचा श्वास ऐकू आला. "अगं बाई. आणि तो?"

"तो राहिला कामावर. त्याची काहीच चूक नव्हती यात."

भाऊ भिंतीला टेकून ऐकत होता, हाताची घडी घालून.

"चूक नव्हती कशी?" आई म्हणाली. "तुझ्यावर एवढं काम होतं त्या दिवशी, एकटीवर. त्याने थांबायला नको होतं तुझ्याजवळ?"

"आई! तो हॉस्पिटलात होता! तुझा हात धरून!"

"तेच म्हणतेय मी. माझा हात धरून काय मोठं केलं? चहा आणायला अर्धा तास लावला. तिथे असता तर तुला म्हणाला असता, ताई, नीट बघ. त्याला कधी सुचलंय का असलं काही?"

तिचं तोंड उघडं राहिलं. सकाळी तिनेही हेच केलं होतं, याच चपळाईने. ती शब्द जुळवत होती तोवर भावाने हाताची घडी सोडली. त्याचा चेहरा सैल पडला, रोजचा झाला. त्याने तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि कानाला लावला.

"हो आई," तो म्हणाला. "चुकलंच माझं. ड्रॉप्स संपलेत ना? येताना आणतो."

आवाजात राग औषधालाही नव्हता.

"नाही, आई, ऐक!" तिने फोन हिसकावून घेतला. "त्याचं काही चुकलेलं नाही, ऐकतेस ना?" ती भर रस्त्यात ओरडत होती, जाणारी-येणारी माणसं वळून बघत होती, पण त्याने फोन आधीच बंद केला होता.